वासाचं सोवळं

माझ्या एडिनबराच्या घरमालकांनी मला घरात घेण्याआधी माझा वास घेतला. दोन बॅगा घेऊन मी दारात उभी, बाहेर आडवातिडवा पाऊस, आणि समोर एक उंच, टक्कल पडलेले, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला स्वेटर घातलेले गृहस्थ. त्यांनी नाक किंचित वर केलं आणि म्हणाले, "बसनं आलीस. शेजारी कुणीतरी सॉस घातलेले चिप्स खात होतं. आणि तुझ्या बॅगेत आईनं दिलेला गोडा मसाला आहे. पिशवी एका कोपऱ्यात फुटलीय."

पिशवी खरंच फुटली होती. माझे तीन कुर्ते तो सबंध हिवाळा आमटीचा वास मारत होते.

चाळीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये वावरून माणसाचं नाक मरायला हवं. यांचं उलट तल्लख झालं होतं. ते निवृत्त पॅथॉलॉजिस्ट होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. काकू मात्र सगळ्यांच्या काकू. त्या पुण्याच्या, शुद्ध शाकाहारी, बोलायला तिखट आणि हाताला त्याहून. मी तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकती लागले होते. फोनकार्ड खरवडून घरी फोन करायचा तो काळ. माळ्यावरची खोली मला मिळाली आणि तिच्यासोबत हे दोघं मिळाले.

डॉक्टरांना जगात एकाच गोष्टीचा सोस होता. कारण. पेशंट कशानं गेला हे लिहिण्यात हयात घालवलेला माणूस, तो घरातल्या फुटक्या कपालाही तसा सोडत नसे. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून त्यांचा निळा कप फुटला.

"कप फुटला, डॉक्टर. सॉरी."

"कारण?"

"हातातून सुटला."

"ती घटना झाली. मी कारण विचारतोय."

"घाई होती. उशिरा उठले."

"उशिरा का उठलीस?"

"काल तुम्ही मला जेवणानंतर दोन तास लिव्हरचे प्रकार सांगत बसला होतात."

"म्हणजे कारण मी," ते म्हणाले आणि एकदम खूश झाले. "बघ, असं लिहिता आलं पाहिजे. कारण लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही." मग स्वतः केरसुणी घेऊन त्यांनी तुकडे भरले.

आता अशा माणसाला छंद कसला असावा? बागकामाचा, पत्त्यांचा, फार तर गोल्फचा. हे हरणांची शिकार करायचे. आपल्याकडे ऐकून माणूस दचकेल, पण तिकडच्या डोंगराळ मुलुखात हरणं बेसुमार वाढतात आणि दरवर्षी ठरावीक मोसमात, रीतसर परवाना घेऊन, त्यांची संख्या कमी करावी लागते. डॉक्टर तरुणपणी इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलात असताना ह्यू नावाचा एक माणूस लॅबमध्ये आला होता. एका मोठ्या इस्टेटीवर शिकाऱ्यांना हरणाच्या मागावर नेणं हे त्याचं काम. त्याच्या हातातल्या डब्यात हरणाचं लिव्हर होतं आणि त्यावर पांढरे ठिपके होते. बाकीच्या डॉक्टरांनी त्याला हसून वाटेला लावलं. यांनी ते मायक्रोस्कोपखाली घालून चार पानी रिपोर्ट लिहून दिला. ह्यूनं त्या बदल्यात त्यांना डोंगरावर नेलं, आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरात ते जातच राहिले.

"लग्नाच्या वेळी मला सांगितलं मुलगा डॉक्टर आहे," काकू म्हणायच्या. "कुणाचा, ते नाही सांगितलं."

शिकारीत त्यांना शिंगांची हौस नव्हती, भिंतीवर एकही डोकं टांगलेलं नव्हतं. त्यांच्याकडे होती एक फाइल. मारलेल्या प्रत्येक हरणाचं ते डोंगरावरच शवविच्छेदन करायचे आणि घरी येऊन रिपोर्ट लिहायचे. तोही मराठीत. मी विचारलं, मराठीत का? तर म्हणाले, "ती माझी आणि त्या हरणाची खासगी बाब आहे." रिपोर्ट असे असायचे: 'नर. दातांवरून वय सहा. यकृत उत्तम. फुप्फुसं माझ्यापेक्षा बरी. पोटात गवत, हेदरची झुडपं आणि कुणाची तरी प्लॅस्टिकची दोरी. मृत्यूचं कारण: मी.' खाली तारीख आणि सही. शेवटची ओळ प्रत्येक पानावर तीच. 'गोळी' असं कधीही लिहिलेलं नव्हतं.

मांस गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीझरमध्ये जायचं. काकू त्याला शवागार म्हणत आणि तिकडे फिरकत नसत. एकदा मराठी मंडळाच्या गणपतीनंतरच्या गेट-टुगेदरला डॉक्टरांनी मोठ्या प्रेमानं रस्सा करून नेला आणि पातेल्यापुढे सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली: 'हरीण, नर, पाच वर्षं, फुप्फुसांत किरकोळ जंत, खाण्यास निर्धोक.' लोकांनी वरणभातावर उड्या टाकल्या. डॉक्टर घरी येईपर्यंत म्हणत होते, "निर्धोक लिहिलं होतं की!"

पण या छंदाची खरी किंमत मोजायची आमच्या स्वयंपाकघरानं. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो, म्हणून शिकारीला निघायच्या पाच दिवस आधी घरात वासाचं सोवळं सुरू व्हायचं. फोडणी बंद. हिंग, लसूण, कांदा, मसाला, सगळ्या बरण्या पिशवीत बांधून शेजाऱ्यांच्या शेडमध्ये. साबण बिनवासाचा. उदबत्ती नाही, काकूंचे देव पाच दिवस नुसत्या फुलावर. शिकारीचे कपडे बाहेर दोरीवर वाऱ्याला लावलेले, आणि तिथल्या पावसात ते कधी वाळायचेच नाहीत. आम्ही बायका उकडलेले बटाटे मीठ लावून खायचो आणि एकमेकींकडे बघायचो. काकूंच्या सासूबाईंचंही सोवळं इतकं कडक नव्हतं म्हणे.

मी त्यांच्याकडे राहिले त्याच्या तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात मला एक गोष्ट दिसली. डॉक्टरांनी चहाची बशी सोडली. आयुष्यभर कपबशीत चहा घेणारा माणूस अचानक जाडजूड मग घेऊन बसू लागला आणि वर मलाच ऐकवू लागला, "बशी ही निरुपयोगी वस्तू आहे. कपाला खुर्ची कशाला?" मी फिजिओ. रोज दहा जणांचे हात बघते. बशी का सुटली ते मला पहिल्याच दिवशी कळलं. उजवा हात थरथरत होता, आणि बशीत कप वाजत होता.

काकूंना तर माझ्या आधीच कळलं होतं. एका दुपारी डॉक्टर बाहेर गेलेले बघून त्यांनी ती फाइल काढली, एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. सात-आठ वर्षांपूर्वीचं होतं. 'मादी. वय चार. पहिली गोळी मागच्या पायाला. मृत्यूचं कारण: मी. लागलेला वेळ: तीस तास.'

"दोन दिवस शोधत होते हे आणि ह्यू," काकू म्हणाल्या. "रक्ताच्या थेंबांमागे. शेवटी सापडली, तोवर जिवंत होती. घरी आले ते पंधरा दिवस बोलले नाहीत गं. रात्री उठून बसायचे. हरीण मेलं तर मेलं, मला आता त्याची सवय झालीय. पण ह्या हातानं गोळी घातली आणि ते लंगडत पळालं ना, तर हे यातून उठायचे नाहीत."

"मग त्यांना सांगा ना, जाऊ नका म्हणून."

"तू ओळखतेस ना त्यांना? जाऊ नका म्हटलं की हमखास जाणार. हात थरथरतो म्हणायची सोय नाही. तूही म्हणू नकोस. बंदुकीचं लायसन्स वर्षअखेर संपतंय, फॉर्म महिनाभर टेबलावर पडलाय. त्यात हेल्थविषयी विचारतात. खोटं लिहिणार नाहीत ते. म्हणजे हा शेवटचा मोसम आहे, हे त्यांनाही माहितीये. फक्त शेवट कसा होतो, एवढंच." त्यांनी फाइल होती तशी ठेवली. "तू जा त्यांच्याबरोबर. गुडघा दुखतो म्हणून फिजिओ हवी, असं मी सांगते."

गुडघ्याचं कारण डॉक्टरांनी तपासून पाहिलं, जुजबी हरकत घेतली आणि मान्य केलं. माझं सेलमध्ये घेतलेलं गुलाबी जॅकेट मात्र तिथल्या तिथे नापास झालं. त्यांचा जुना ट्वीडचा कोट मला मिळाला, बाह्या चार वेळा दुमडून. त्यात मी शेतातलं बुजगावणं दिसत होते.

सोवळं सुरू झालं. चौथ्या दिवशी काकू खरेदीची ट्रॉली ओढत मैत्रिणीकडे निघाल्या. भजन आहे म्हणाल्या. ट्रॉलीतून खलबत्त्याचा दांडा वर आलेला मला दिसला.

"काकू, भजनाला खलबत्ता?"

"ताल धरायला," त्या म्हणाल्या आणि वळूनही न बघता गेल्या.

निघायच्या पहाटे त्यांनी माझ्या पाठपिशवीत तळाशी एक डबा घातला. डब्यावर पिशवी, तिच्यावर पिशवी, वर टॉवेल. "डोंगरावरचं खाणं. त्यांनी मागितलं तरच काढ. नाही मागितलं तर आहे तसं परत आण."

"काय आहे पण?"

"सँडविचेस," काकू म्हणाल्या. काकूंनी आयुष्यात कधी सँडविच केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्यूच्या घरी पोचलो. ह्यू सत्तरीचा, काटक, दिवसाला वीसेक शब्द बोलणारा. डोंगरावर जाण्याआधी बंदूक नीट लागतेय ना हे बघायला निशाणावर गोळ्या झाडायची पद्धत असते. डॉक्टरांनी तीन झाडल्या. दोन मधोमध. तिसरी कागदाच्या पार कोपऱ्यात. "वारा," डॉक्टर म्हणाले. गवताचं पातं हलत नव्हतं. ह्यूनं कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "आय, वारा," तो म्हणाला. तिकडे 'हो'ला 'आय' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना डॉक्टरांनी नेहमीची तपासणी केली. आधी ह्यूचा वास घेतला. ह्यू सवयीनं हात वर करून उभा राहिला. मग माझा. मग माझ्या पाठपिशवीचा. तिथे नाक थांबलं. बराच वेळ थांबलं.

"यात काय आहे?"

"काकूंनी डबा दिलाय. सँडविचेस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दूर रस्त्याकडे, जिकडून आम्ही आलो होतो तिकडे. "सँडविचेस," ते म्हणाले. "बरं. चला." मी घाईघाईनं पिशवी पाठीवर चढवली. म्हटलं, वाचलो.

त्यानंतरचे चार तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात ओले तास होते. चालणं कमी आणि रांगणं जास्त. ओढ्यातून पोटावर, काळ्या चिखलातून कोपरांवर. ह्यू पुढे, मधे डॉक्टर, मागे मी. गुडघ्यासाठी नेलेली फिजिओ स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत होती आणि पासष्टी उलटलेला पेशंट सरपटत पुढे चालला होता. मधूनच ह्यू वाळक्या गवताची कुसळं हवेत सोडून वारा बघायचा. वारा तोंडावर होता, म्हणजे आमचा वास हरणांकडे जात नव्हता. डोंगराच्या खोलगट कुशीत, आमच्यापासून दीडशे यार्डांवर, वीसेक माद्या चरत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक भलाथोरला नर बसला होता.

बसलेल्यावर गोळी घालत नाहीत. तो उठेपर्यंत थांबायचं. आम्ही तासभर पडून राहिलो. डॉक्टरांनी पाठपिशवीवर बंदूक टेकवली, ती माझी पाठपिशवी नव्हती, ह्यूची होती. ह्यूनं एकदा कुसळं सोडली, ती आधी आमच्याकडे आली आणि मग गिरकी घेऊन बाजूला गेली. "वारा फिरणार, डॉक," तो कुजबुजला. "पाच मिनिटं. फार तर दहा."

आणि तेवढ्यात नर उठला. आळोखेपिळोखे दिले, मान वर करून, माजावर आलेले नर फोडतात तशी एक लांबलचक डरकाळी फोडली आणि आमच्यासमोर आडवा उभा राहिला. यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळत नाही.

"तयार असशील तेव्हा," ह्यू म्हणाला.

मी डॉक्टरांच्या शेजारी होते. मला नर दिसत नव्हता, मला त्यांचा हात दिसत होता. बंदुकीची नळी अगदी बारीक, बशीतल्या कपाएवढी हलत होती. ते श्वास सोडायचे, नळी थांबायची, पुन्हा हलायची. मनात फक्त एकच आकडा, तीस तास. ह्यूही आता दुर्बीण खाली ठेवून त्या हाताकडेच बघत होता. थांबा म्हणणार कोण?

मग डॉक्टरांनी गाल बंदुकीवरून उचलला, सेफ्टीचा खटका लावला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "भूक लागली. डबा काढ."

"आत्ता?"

"आत्ता."

मी टॉवेल सोडला, एक पिशवी, दुसरी पिशवी. त्यांनी डबा हातात घेतला आणि झाकण उघडलं. आत धपाटे होते आणि धपाट्यांवर लालभडक, खलबत्त्यात कुटलेली लसणीची चटणी. अर्धा डबा नुसती चटणीच. पाच दिवस उकडलेले बटाटे खाल्लेल्या माझ्या तोंडाला त्या अवस्थेतही पाणी सुटलं. डॉक्टरांनी धपाटा मोडला, चटणी लावली आणि शांतपणे खाऊ लागले. माझ्या मानेवर गार झुळूक लागली. वारा फिरला होता.

आधी एका म्हाताऱ्या मादीनं मान वर केली. नाकपुड्या फुलवल्या. मग ती कुत्र्यासारखी एकदा भुंकली, आणि सगळा कळप वळला. नर सगळ्यांच्या शेवटी, काही घाई नसल्यासारखा, चारही पायांवर ठणठणीत, कडा चढून पलीकडे गेला.

आणि मग डॉक्टर माझ्यावर कडाडले. "लसूण! अगं, डोंगरावर लसूण आणतात? पाच दिवस घर धुऊन काढलं ते कशासाठी? अक्कल कुठे ठेवलीस?" हे सगळं इंग्लिशमध्ये, ह्यूला नीट कळेल असं. मी सांगितलेलंच केलं होतं. डबा त्यांनी मागितला होता. चिखलात बसून माझे डोळे भरून आले, ते काही चटणीमुळे नाही.

ह्यूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आय," तो म्हणाला, "गार्लिकच असणार." मग त्यानं हात पुढे करून एक धपाटा मागून घेतला, सबंध खाल्ला, आणि बराच वेळ डोळे पुसत दुसरीकडे बघत राहिला.

घरी आलो. दरवर्षी काकू दारात विचारायच्या, मिळालं का. या वेळी त्यांनी विचारलं, "डबा संपला का?"

"संपला," डॉक्टर बूट काढत म्हणाले. "चटणी जरा जास्त झाली होती."

"वारा किती असेल त्याचा मला अंदाज नव्हता," काकू म्हणाल्या. आणि चहा टाकायला आत गेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या सकाळी पिशवीपाशी थांबलेलं नाक काही चुकलेलं नव्हतं.

त्या नोव्हेंबरात त्यांनी बंदूक रीतसर देऊन टाकली. फॉर्म कोराच राहिला. पुढच्या ऑक्टोबरात सोवळं आलं नाही. पहिल्या तारखेला काकूंनी सगळ्या खिडक्या लावून हिंगाची खमंग फोडणी केली आणि डॉक्टर ओट्याला टेकून ती संपेपर्यंत उभे होते. मला मात्र ते डोंगरावरचं बोलणं टोचत राहिलं. कळत होतं सगळं. तरी 'अगं, ते उगाच हं' एवढं कधीतरी म्हणतील असं वाटायचं. जगाला कारण विचारणाऱ्या माणसानं मला ते दिलं नाही, याचा राग होता.

वर्षभरानं मला लंडनजवळ वॉटफर्डला नोकरी मिळाली. स्टेशनवर दोघंही आले. काकूंनी डबा दिला. डॉक्टरांनी माझा एकदा वास घेतला, म्हणाले, "रडलीस. सकाळी, दात घासल्यावर," आणि हॉस्पिटलचा असतो तसा एक तपकिरी लिफाफा हातात कोंबला.

गाडी सुटल्यावर मी तो उघडला. आत फाइलमधलं शेवटचं पान होतं. फोटोकॉपी नव्हे, मूळ पान. अक्षर वेडंवाकडं, पण एकही शब्द खोडलेला नाही.

'नर. वय अंदाजे सात. शवविच्छेदन केलं नाही, प्राणी हजर नाही. चाल उत्तम, आवाज उत्तम. वाचण्याचं कारण: सौ. लागलेला वेळ: पाच दिवस आणि एक भजन. शेरा: मुलीला विनाकारण बोललो. कारण: मी. ह्यूसमोर मला दुसरं काही सुचलं नाही. तिला तोंडानं सांगणं जमलेलं नाही, म्हणून हे पान तिच्याकडे. फाइल बंद.'

मी ते तीन वेळा वाचलं. मग नाक पुसलं आणि काकूंचा डबा उघडला. धपाटे होते, आणि अर्धा डबा चटणी. समोरच्या सीटवर मासिक वाचत बसलेल्या बाईंनी मान वर केली. नाकपुड्या फुलवल्या. मासिक मिटलं, पर्स उचलली आणि त्या सावकाश उठून पलीकडच्या डब्यात गेल्या. चालही उत्तम होती. मी पाय समोरच्या सीटवर ठेवले आणि पोटभर जेवले.